परवाना सर्कलचा, झोत गल्लीचा

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ५-जीसाठी स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचा लिलाव केला, तेव्हा सगळी चर्चा दीड लाख कोटी रुपयांच्या एकूण रकमेभोवती झाली. त्या रकमेआड एक महत्त्वाची बाब झाकली गेली. मेगाहर्ट्झच्या हिशेबात पाहिले तर विकल्या गेलेल्या स्पेक्ट्रमचा सर्वांत मोठा भाग २६ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातला होता आणि त्याच्यासाठी खऱ्या अर्थाने बोली लागलीच नाही. तो पायाभूत, म्हणजे किमान ठरवलेल्या किमतीलाच गेला. देशभरासाठी ही किंमत मेगाहर्ट्झमागे ६.९९ कोटी रुपये होती, तर ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ३१७ कोटी. दूरसंचार सेवेसाठी देशाचे जे बावीस विभाग, म्हणजे सर्कल पाडलेले आहेत, त्या सगळ्यांत जिओने प्रत्येकी १,००० मेगाहर्ट्झ घेतले, एअरटेलने प्रत्येकी ८००. ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण पोटात घेणारे मुंबई हे यांतले एक स्वतंत्र सर्कल आहे. परवान्याची मुदत वीस वर्षांची आहे. म्हणजे २०४२ पर्यंत मुंबईच्या हवेतल्या या पट्ट्याचा मोठा हिस्सा मोजक्या कंपन्यांच्या हाती राहणार आहे, आणि सर्वसामान्य मुंबईकराच्या अनुभवाला त्यातली सेवा आजवर जवळपास आलेली नाही.

या स्थितीचा दोष केवळ कंपन्यांच्या उदासीनतेवर टाकणे मला पुरेसे वाटत नाही. २६ गिगाहर्ट्झच्या या लहरींना मिलिमीटर लहरी म्हणतात. त्यांचा स्वभाव एक आहे आणि आपण त्यांच्यासाठी केलेली परवान्याची रचना दुसऱ्याच स्वभावाच्या लहरींसाठी आखलेली आहे, हे मूळ दुखणे आहे. ज्या लहरी शे-दोनशे मीटरच्या पलीकडे भरवशाने पोचत नाहीत, त्यांची मालकी कुलाब्यापासून कल्याणपर्यंत एकगठ्ठा देणे आणि मग त्या वापरल्या जात नाहीत म्हणून हळहळणे यात विसंगती आहे. मुंबईसारख्या दाट शहराने ही विसंगती दूर करण्याचा आग्रह धरावा, आणि तो धरण्यासाठी आधी या लहरींचे तंत्र नीट समजून घ्यावे, असे माझे म्हणणे आहे.

काटेकोर व्याख्येने मिलिमीटर लहरी ३० ते ३०० गिगाहर्ट्झच्या, म्हणजे १० ते १ मिलिमीटर तरंगलांबीच्या. २६ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटर भरते, पण गुणधर्म सारखे असल्यामुळे व्यवहारात तिलाही याच कुळात धरतात. आज आपल्या फोनला ५-जी मिळते ते मुख्यतः साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास, जिथे तरंगलांबी सुमारे ८६ मिलिमीटर असते. अँटेनाचा आकार तरंगलांबीच्या प्रमाणात ठरतो. त्यामुळे २६ गिगाहर्ट्झचा एक सुटा अँटेना इतका लहान असतो की तो साडेतीन गिगाहर्ट्झच्या अँटेनाच्या मानाने हवेतली जेमतेम पंचावन्नाव्या हिश्शाची ऊर्जा टिपतो. ‘या लहरी हवेतच विरून जातात’ असे सरसकट सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. मोकळ्या हवेत लहर अंतरानुसार पसरते, आणि ती दोन्ही पट्ट्यांत सारखीच पसरते; फरक पडतो तो टिपणाऱ्या अँटेनाच्या क्षेत्रफळात. मग उपायही त्यातच दडलेला आहे. अँटेना लहान आहे म्हणून तेवढ्याच जागेत पुष्कळ अँटेना बसवता येतात. आठ ओळी आणि आठ स्तंभ असे चौसष्ट अँटेना अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने मांडले, तर सगळी मांडणी साधारण साडेचार सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात मावते.

हे चौसष्ट अँटेना एकाच वेळी एकच संकेत सोडू लागले की त्यांच्या लहरी समोरच्या एका दिशेने एकमेकींना बळ देतात आणि बाकीच्या दिशांना एकमेकींना खोडतात. त्यातून झोत तयार होतो. हा झोत वळवायचा असेल तर अँटेनांची फळी हलवावी लागत नाही. शेजारच्या प्रत्येक अँटेनाला संकेत किंचित उशिराने दिला की पुरते. शिवाजी पार्कवरच्या संचलनात रांग वळते तेव्हा एका टोकाचा जवान आखूड पावले टाकतो, दुसऱ्या टोकाचा लांब, आणि रांग न मोडता तिचे तोंड फिरते. लहरींची रांगही अशीच वळते. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावरच्या अँटेनांमध्ये प्रत्येकी ९० अंशांचा फेजफरक, म्हणजे लहरीच्या एका आवर्तनाच्या पाव हिश्शाचा उशीर ठेवला तर झोत ३० अंशांनी कलतो. हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होत असल्यामुळे झोत एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे सेकंदाच्या अगदी बारीक अंशात फिरतो. ५-जीच्या प्रमाणकात या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त चौसष्ट दिशांना आळीपाळीने ओळखसंकेत फेकण्याची सोय आहे, आणि फोन किंवा घरचे यंत्र त्यांतला सर्वांत जोरकस संकेत कोणता ते कळवते.

या विद्येचे मुंबईशी जुने नाते आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही याची मला खंत वाटते. तिरुपतीजवळ गदंकी येथे वातावरणाच्या अभ्यासासाठी जे मोठे एमएसटी रडार आहे, ते पवईत आयआयटीच्या आवारात मुख्यालय असलेल्या ‘समीर’ या केंद्र सरकारच्या संस्थेने उभारले. ५३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या त्या रडारात बत्तीस गुणिले बत्तीस असे १,०२४ यागी अँटेना (जुन्या टीव्हीसाठी छपरावर लावत तशा जातीचे) सुमारे १३० मीटर लांब-रुंद मैदानात मांडलेले आहेत, आणि त्यांचा झोत वळतो तो याच तत्त्वावर. तीच मांडणी त्याच प्रमाणात २६ गिगाहर्ट्झला आणली तर १३० मीटरचे मैदान सत्तावीस सेंटिमीटरच्या पाटीएवढे होईल. गणित तेच राहते. अवघड होतात ते हातातले घटक. तरंगलांबी लहान झाली की सर्किट बोर्डावरच्या छापील पट्टीतली एक मिलिमीटरची चूकही फेजमध्ये तीस अंशांहून अधिक दिसते, स्वस्त फायबरग्लासचा बोर्ड संकेत पिऊन टाकतो, आणि शक्तिवर्धक चिपमधून निघणारी उष्णता एवढ्या दाटीवाटीत बाहेर काढणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

आता धोरणाकडे येऊ. चौसष्ट अँटेनांच्या फळीचा झोत सुमारे तेरा अंश रुंद असतो, म्हणजे शंभर मीटरवर त्याची रुंदी बावीस मीटरच्या घरात जाते. अँटेना चौपट केले तर ती निम्मी होते. शंभर मीटरवर अकरा मीटर म्हणजे गिरगावातल्या एका चाळीची दर्शनी भिंतही नव्हे. शिवाय विटांची भिंत आणि काँक्रीट या लहरींना जवळजवळ अडवूनच धरतात. याचा सरळ अर्थ असा, की खेतवाडीच्या एका गल्लीत वापरलेला पट्टा शेजारच्या गल्लीत दुसऱ्या कुणी वापरला तर दोघांचा एकमेकांना बहुतेक ठिकाणी उपद्रव होणार नाही. ७०० मेगाहर्ट्झची लहर अर्धा उपनगर व्यापते, तेव्हा तिची मालकी सबंध सर्कलला एकाची असावी यामागे भौतिक कारण आहे. २६ गिगाहर्ट्झच्या बाबतीत ते कारण उरत नाही. तरीही आपण दोन्ही पट्टे एकाच नमुन्याच्या परवान्याने विकले. परवान्यात किमान विस्ताराच्या अटी असतात, पण त्या गल्लीचा हिशेब मागत नाहीत.

इतर देशांनी हा भेद ओळखला आहे. जर्मनीच्या नियामकाने २०२१ पासून २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झचा पट्टा अर्ज करील त्याला, त्याच्या जागेपुरता देण्यास सुरुवात केली. कारखाना, विद्यापीठ किंवा बंदर आपल्या हद्दीपुरता परवाना घेऊ शकते. जपानने २०१९ च्या अखेरीस २८ गिगाहर्ट्झमधला एक तुकडा ‘स्थानिक ५-जी’साठी राखला. आपल्याकडे २०२२ च्या जूनमध्ये दूरसंचार विभागाने खासगी वापराच्या जाळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सरकारकडून थेट स्पेक्ट्रम मिळण्याची वाटही नोंदलेली होती; पण दूरसंचार कंपन्यांचा त्या वाटेला विरोध राहिला. कंपन्यांची बाजू समजण्यासारखी आहे. ज्या वस्तूसाठी आपण पैसे मोजले, तीच दुसऱ्याला स्वस्तात मिळू नये असे कुणालाही वाटेल. पण इथे विकलेले काढून घ्या असे कुणी म्हणत नाही. जिथे परवानाधारकाने ठरावीक मुदतीत यंत्रणा उभारलेली नाही, त्या गल्लीत, त्या आवारात दुसऱ्याला वापर करू द्यावा; परवानाधारक स्वतः तिथे आला की त्याला प्राधान्य मिळावे, आणि तोवर वापराचे वाजवी भाडे त्याच्याच खात्यात जावे. झोत अरुंद असल्यामुळे ही वाटणी तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, आणि कुठे कोणते यंत्र आहे याची नोंद ठेवणारी संगणकीय यादी एवढीच तिची प्रशासकीय गरज आहे.

या मागणीवर सर्वांत वजनदार आक्षेप दक्षिण कोरियाच्या अनुभवातून येतो, म्हणून त्याच्यापाशी थांबले पाहिजे. कोरियाने २०१८ मध्ये २८ गिगाहर्ट्झचा पट्टा तीन कंपन्यांना दिला आणि प्रत्येकीने १५,००० प्रक्षेपण केंद्रे उभारावीत अशी अट घातली. मुदत संपत आली तेव्हा साधारण एक-दशांशच काम झालेले होते. सरकारने २०२२ च्या अखेरीस दोन कंपन्यांचे परवाने रद्द केले आणि २०२३ मध्ये तिसरीचाही. जगात सर्वांत आधी देशव्यापी ५-जी सुरू करणाऱ्यांपैकी असलेल्या देशाची ही गत झाली, तर मुंबईने या वाटेला का जावे, असे विचारले जाते. पण कोरियात नेमके काय फसले ते पाहावे. लोकांच्या हातातल्या फोनला रस्त्यावर चालताना अतिवेगवान जोडणी द्यायची, ही कल्पना फसली. फोन हातात धरला की बोट अँटेनावर येते, माणूस वळला की त्याचे शरीरच वीस-पंचवीस डेसिबल अडवते (दर दहा डेसिबलला ऊर्जा दहापट घटते), म्हणजे पलीकडे शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी ऊर्जा पोचते, कोपरा ओलांडला की झोत तुटतो. त्यात या पट्ट्याचे फोनच बाजारात नव्हते. आपल्याकडेही तीच अवस्था आहे. आयफोनच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रतींत मिलिमीटर लहरींची सोय २०२० पासून आहे, भारतात विकल्या जाणाऱ्या प्रतींत ती नाही. मात्र त्याच कोरियात सोलच्या भुयारी रेल्वेत या पट्ट्याचा एक उपयोग यशस्वीपणे करून पाहिला गेला: रुळांलगतच्या केंद्रातून गाडीवरच्या अँटेनाकडे झोत, आणि गाडीच्या आत प्रवाशांसाठी साधे वायफाय. प्रवाशाच्या फोनला मिलिमीटर लहरींची ओळखही असण्याची गरज नाही.

मुंबईसाठी हा धडा बहुमोल आहे. लोकलचा मार्ग रुळांनी आखून दिलेला आहे. पुढच्या क्षणी गाडी कुठे असेल हे आधीच माहीत असते. झोत वळवणाऱ्या यंत्रणेची निम्मी डोकेदुखी लक्ष्य शोधण्यात जाते, आणि इथे लक्ष्य स्वतःहून ठरलेल्या वाटेने येते. गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर एकाच कोपऱ्यात हजारो फोन एका मनोऱ्याच्या अपुऱ्या क्षमतेवर ओढाताण करतात, तिकिटाचे ॲप उघडत नाही, घरी निरोप जात नाही. हा प्रश्न मनोऱ्याची ताकद वाढवून सुटत नाही. छोट्या जागेत मोठी क्षमता ओतावी लागते. मिलिमीटर लहरींचे बलस्थान तेच आहे.

दुसरा आक्षेप पावसाचा. मुंबईच्या पावसात या लहरी टिकणार नाहीत, असे जाणकार म्हणवणारेही बोलतात. हिशेब करून पाहू. ताशी १०० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळत असेल तर २६ गिगाहर्ट्झची लहर किलोमीटरमागे सुमारे १६ डेसिबल गमावते, म्हणजे एक किलोमीटरवर चाळिसावा हिस्सा उरतो. हा आकडा भीतिदायक आहे, पण तो किलोमीटरचा आहे. दोनशे मीटरवर तोच पाऊस जेमतेम सव्वातीन डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याच्या आसपास ऊर्जा शिल्लक राहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी ताशी ३९ भरते, पण तो पाऊस काही तासांत एकवटलेला होता, म्हणून ताशी १५० धरले तरी दोनशे मीटरवर पाचएक डेसिबलचे नुकसान होते. एवढा राखीव जोर ठेवून जोडणी आखता येते. खरा त्रास पावसाच्या थेंबांहून त्याच्या मागून येणाऱ्या गोष्टींचा आहे. अँटेनाच्या झाकणावर पाण्याचा पातळ थर बसला की तोच काही डेसिबल गिळतो. माटुंग्याच्या आणि दादर पारशी कॉलनीच्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्षांची जी कमान आहे, तिची ओली पाने झोताला भिंतीसारखी भासतात. गच्च्यांवर, पत्र्यांवर जूनमध्ये अंथरलेली ताडपत्री पाण्याने जड होऊन लोंबते आणि मे महिन्यात मोकळी असलेली वाट बंद करते. इथे झाडे तोडा असे कुणी सुचवील, त्याला आधीच ठाम नकार द्यायला हवा. वाट बदलायची असते ती झोताने, आणि त्यासाठीच तो वळता केलेला आहे.

काचेचा विषय मला सर्वांत बोलका वाटतो. न्यूयॉर्कमध्ये २८ गिगाहर्ट्झवर झालेल्या मोजमापांत साध्या पारदर्शक काचेतून चार डेसिबलपेक्षाही कमी नुकसान दिसले, तर रंगीत लेप दिलेल्या बाहेरच्या काचेतून चाळीस डेसिबल, म्हणजे दहा हजार पट. वांद्रे-कुर्ला संकुल आणि लोअर परळमधल्या ज्या काचेच्या इमारती जास्त पैसे मोजू शकतात, त्या या लहरींसाठी बंद पेट्या आहेत. पण तिथे आधीपासून फायबर पोचलेले असल्यामुळे त्यांचे काही अडत नाही. उलट गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींना समोर उघडी गॅलरी असते, तिला कठडा असतो, काच नसते, आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून ती सरळ दिसते. खिडकीच्या लोखंडी जाळीचीही अडचण नाही, कारण तिच्या गजांमधले अंतर तरंगलांबीच्या कितीतरी पट असते. मुंबईतल्या कमी भाड्याच्या जुन्या इमारती या तंत्रासाठी सर्वांत सोयीच्या निघाव्यात, ही बाब धोरण आखणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावी. प्रत्येक खोलीला वेगळे यंत्र न देता एका चाळीला एक मोठ्या फळीचा ग्राहक-अँटेना द्यावा आणि तिथून पुढे साध्या केबलने जोडण्या वाटाव्यात. हे काम आज गल्लीतला केबलवाला करतोच. त्याला वगळण्यापेक्षा सामील करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

अर्थात सगळीकडे हे जमणार नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गोवंडी-मानखुर्दकडे पुनर्वसनाच्या ज्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या आहेत की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो, तिथे उजेड शिरत नाही तशी ही लहरही शिरणार नाही. तिथे गच्चीवरून गच्चीवर झोत न्यावा आणि जिन्यातून केबल उतरवावी, एवढेच शक्य आहे. धारावीच्या बोळांत झोत कोपऱ्यावर अडतो, पण तिथले पत्रे लहर परतवतात; बोळाच्या तोंडाशी योग्य कोनात लावलेला साधा धातूचा पत्राही झोत आत वळवू शकतो, आणि त्याला वीज लागत नाही.

फायबरच का नाही, हा प्रश्न रास्त आहे. जिथे फायबर नेता येते तिथे तेच न्यावे. त्याची बरोबरी कुठलीही लहर करू शकत नाही, आणि मिलिमीटर लहरींच्या खांबापर्यंतही शेवटी फायबरच न्यावे लागते. पण मुंबईत रस्त्यांचे काँक्रीटीकरण झपाट्याने चालले आहे, आणि नव्या काँक्रीटवर चर खोदायला परवानगी मिळत नाही, ती मिळूही नये. पावसाळ्यात खोदकाम तसेही थांबते. परिणामी झाडावरून खांबावर आणि खांबावरून गॅलरीत लोंबणाऱ्या काळ्या केबलींची जाळी वाढत चालली आहे. शेवटच्या शे-दोनशे मीटरसाठी झोत वापरला तर रस्ताही फुटत नाही आणि ही जाळीही वाढत नाही. मिलिमीटर लहरींचे शहरातले रास्त स्थान मला या एवढ्या टप्प्यात दिसते.

मग खांबाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. शे-दीडशे मीटरवर एक केंद्र लागणार असेल तर नवे मनोरे उभारणे अशक्य आहे. दिवाबत्तीचे खांब, सिग्नल, बसथांबे हेच आधार. २०२२ मध्ये केंद्र सरकारने मार्गाधिकार नियमांत (दूरसंचार यंत्रणेसाठी जागा वापरू देण्याच्या नियमांत) दुरुस्ती करून अशा रस्त्यावरच्या वस्तूंवर लहान केंद्र बसवण्याचे शुल्क शहरी भागात वर्षाला ३०० रुपये ठरवले. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे नवे मार्गाधिकार नियम आले. ट्राय या दूरसंचार नियामकाने भोपाळ, कांडला बंदर, बेंगळुरूची मेट्रो आणि दिल्ली विमानतळ इथे अशा लहान केंद्रांचे प्रायोगिक प्रकल्प करून शिफारशी दिल्या. त्या यादीत मुंबई नाही. इथे शहर भागातले खांब बेस्टकडे, उपनगरांतले बहुतांश अदाणी इलेक्ट्रिसिटीकडे, भांडुप-मुलुंडचे महावितरणकडे, रस्ता महापालिकेचा आणि द्रुतगती मार्गांचा इतिहास आणखी वेगळा. एका रस्त्यावर चार कंपन्यांनी चार वेगळ्या परवानग्या काढून एकाच खांबावर चार पेट्या लटकवायच्या, हे फोर्ट आणि मरीन ड्राइव्हसारख्या जागतिक वारसा परिसरात तर अक्षम्य ठरेल. खांबावरची वीज, फायबर आणि पेटी समाईक असावी, तिची उभारणी एका त्रयस्थ संस्थेने करावी आणि कंपन्यांनी तिच्यातली क्षमता भाड्याने घ्यावी, हाच मार्ग योग्य आहे. मात्र समाईक यंत्रणा म्हणजे नव्या मक्तेदाराला मनमानी भाडे आकारण्याची मुभा नव्हे. भुयारी मेट्रो ३ सुरू झाल्यावर प्रवाशांना आत नेटवर्क मिळेना, आणि त्यामागे जाळे कुणी उभारायचे व कोणत्या अटींवर, याच्यावरचा वाद होता. तो वाद स्थानके बांधण्याआधी मिटवता आला असता. रस्त्यावरच्या खांबांसाठी भाड्याची कमाल मर्यादा आणि सर्वांना समान प्रवेश या दोन अटी महापालिकेने निविदा काढण्यापूर्वीच जाहीर केल्या पाहिजेत.

किरणोत्साराच्या भीतीबद्दल बोलल्याशिवाय खांबावर पेटी चढणार नाही, हे मुंबईत कुणीही सांगेल. इथल्या सोसायट्यांनी गच्चीवरच्या मनोऱ्यांविरुद्ध दिलेले लढे अनेकांच्या स्मरणात आहेत. २६ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या एक लाखाव्या हिश्शाइतकी असते. क्ष-किरणांसारखे नुकसान तिच्याने होत नाही. ती त्वचेत साधारण मिलिमीटरभर शिरते आणि पुरेशा तीव्रतेला ऊब निर्माण करते, आणि त्या उबेवरच मर्यादा बेतलेल्या असतात. भारताने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकी कडक मर्यादा स्वीकारली. एवढे सांगूनही लोकांची शंका फिटत नसेल तर त्यांना अडाणी ठरवणे चुकीचे आहे. झोत वळता असल्यामुळे एका ठिकाणची तीव्रता क्षणाक्षणाला बदलते, आणि एकदाच येऊन केलेले मोजमाप पुरेसे नसते. म्हणून वस्तीजवळच्या खांबांवर दीर्घकाळ केलेल्या मोजमापांचे आकडे, सरासरी आणि कमाल दोन्ही, जागेवर मराठीत लावावेत. ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर मनोऱ्यांची माहिती पाहता येते. तीच पद्धत रस्त्यावरच्या खांबापर्यंत आणावी.

राहिला प्रश्न हे यंत्र बनवणार कोण हा. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या देशी ५-जी चाचणी-मंचात आठ संस्था होत्या, त्यांतल्या आयआयटी मुंबई आणि समीर या दोन पवईत शेजारीशेजारी आहेत. झोत वळवणाऱ्या चिप आज मुख्यतः आयात होतात, आणि ते लगेच बदलेल असे मी म्हणणार नाही. पण अँटेनाची फळी, तिचे पाणी निथळून जाईल असे झाकण, खाऱ्या हवेत न गंजणारी जोडणी, चाळीच्या कठड्याला बसेल असा ग्राहक-अँटेना, ही कामे इथल्या अभियंत्यांची आहेत आणि ती न्यूयॉर्कच्या मोजमापांवर विसंबून होणार नाहीत. त्यासाठी महापालिकेने तीन-चार रस्ते मोजणीसाठी खुले करावेत: चाळींचा एक, झाडांचा एक, काचेच्या इमारतींचा एक, आणि रेल्वेने साथ दिली तर एखादे स्थानक. कंपन्यांनी त्या रस्त्यांपुरता आपला पट्टा प्रयोगासाठी द्यावा, संस्थांनी एक सबंध पावसाळा जोडण्या चालवाव्यात, आणि हाती येणारे आकडे कुणालाही वापरता येतील असे प्रसिद्ध करावेत. लिलावाच्या अटींनुसार दहा वर्षांनी, म्हणजे २०३२ पासून कंपन्यांना हा स्पेक्ट्रम परत करता येतो. त्या वेळी नवी रचना ठरवायला बसणाऱ्यांच्या हाती मुंबईच्या रस्त्यांचे आकडे असायचे असतील, तर पहिल्या खांबाची परवानगी येत्या पावसाळ्याआधी निघायला हवी.